अळूच्या देठावरची कात

(मृगाच्या तोंडावर रेडिओवर झालेलं बोलणं)

चुलीवर काही असेल तर असू द्या, शेंगा फोडत असाल तर हात चालू राहू द्या. कान तेवढा इकडे द्या. दर वेळी मी बचतीचं, कर्जाच्या हप्त्यांचं बोलते. आज बोलायचंय एका किड्याच्या कातीबद्दल. ऐकून हसू येईल. पण या कातीपायी आमच्या गटात चांगलं भांडण झालं, आणि त्या भांडणातून आम्ही जे शिकलो ते पावसाळ्याआधी तुमच्या कानावर घालावं असं वाटलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. गणपतीला अळूवड्या करायच्या म्हणून मी सकाळी आमच्या गटाच्या रोपवाटिकेत पानं खुडायला गेले. तिथं आमचं एक छोटं तळं आहे. १२ फूट लांब, ८ फूट रुंद, कमरेइतकं खोल. खड्डा आम्ही बायांनीच खणला, आत ताडपत्री अंथरली, कडेनं दगडमाती लावून अळू, कर्दळ आणि लव्हाळा लावला. आमचा भाग माणदेशाचा. पाणी येईल तेव्हा साठवायचं आणि झारीनं रोपांना पुरवून घालायचं, त्यासाठी ते तळं.

एक पान उलटं केलं तर देठाला मातकट रंगाचा किडा चिकटलेला. सहा पाय, मोठं डोकं, बोटाच्या पेराएवढा. मी दचकून पान झटकलं, तरी तो हलेना. नीट पाहिलं तर त्याच्या पाठीवर उभी चीर, आणि आत काहीच नाही! शेंगेचं टरफल असावं तसं नुसतं वरचं आवरण. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, “इंचवाचं काय तरी असंल, टाक भाईर.” मी ते आगपेटीत घालून ठेवलं आणि शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “ताई, ही चतुराची कात आहे. साप कात टाकतो ना, तशी. तुमच्या तळ्यातून चतुर बाहेर पडलाय.”

चतुर आला कुठून?

चतुर तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. पाऊस उघडला की संध्याकाळी अंगणावर घिरट्या घालतो. पोरं त्याला हेलिकॉप्टर म्हणतात, शेपटीला दोरा बांधून खेळतात. बसला तरी पंख पसरलेलेच ठेवतो तो चतुर. त्याच्यासारखीच, पण काडीसारखी बारीक आणि बहुतेक वेळा बसल्यावर पंख पाठीवर मिटणारी, ती टाचणी. दोघंही डंख मारत नाहीत. शेपटीला काटा असतो असं आपण पोरांना सांगतो, ते खोटं आहे.

पण त्याचं बालपण कुठं जातं, हे मलाही माहीत नव्हतं. मादी पाण्यात, नाहीतर पाण्यातल्या पानाकाडीत अंडी घालते. त्यातून पिल्लू निघतं ते पाण्यातच राहतं. त्याला उडणारे पंख नसतात, रंग गाळासारखा. फुलपाखराची अळी कोषात जाते, तसा कोष चतुराला नसतो. पोर वाढलं की झबलं आखूड होतं, तसं पिल्लू वाढलं की त्याचं कातडं आवळतं. मग ते काढून टाकायचं आणि आतून नवं घ्यायचं. असं पाण्यातच दहा-बारा वेळा होतं, कधी कमी, कधी जास्त. शेवटची कात मात्र ते पाण्याबाहेर येऊन टाकतं. आपल्याला देठावर दिसते ती ही शेवटची.

हे पिल्लू मोठं शिकारी असतं. त्याचा खालचा ओठ हाताच्या कोपरासारखा घडी घालून हनुवटीखाली दुमडलेला असतो. भक्ष्य जवळ आलं की तो झटक्यात पुढं येतो, पकडतो आणि तोंडाशी आणतो. आपण धड बघेपर्यंत काम झालेलं असतं. खातं काय? पाण्यातले बारीक किडे, बेडकाची लहान पिल्लं, कधी आपल्याच जातीची छोटी पिल्लं, आणि डासांच्या अळ्या. पंख फुटल्यावरही तो डास, चिलटं उडता उडता पकडून खातो. म्हणजे पाण्यातही डासांचा वैरी आणि हवेतही.

ही गोष्ट मला कळली आणि आठच दिवसांत गटाच्या बैठकीत तिची गरज पडली.

“ते तळं बुजवा”

गणपतीनंतर आमच्या वाडीत दोघांना डेंग्यू झाला. त्यातला एक आमच्या गटातल्या मावशींचा मुलगा. पाच दिवस दवाखान्यात होता. मावशींनी त्यासाठी गटातून ८ हजारांचं कर्ज उचललं. बैठकीत सही करताना त्यांचा हात थरथरत होता. सही झाली आणि त्या म्हणाल्या, “माझं पोर मरणाच्या दारातनं आलंय. डास त्या तुमच्या तळ्यातनं उठत्यात. आधी ते बुजवा, नायतर त्यात जळकं ऑइल ओता.”

कुणी काही बोलेना. काय बोलणार? साचलेलं पाणी म्हणजे डास, हे आपण सगळ्याच शिकलोय आणि ते खरंही आहे. दुसरीकडं त्या तळ्यावर २ हजार रोपं उभी होती, सात जणींची मजुरी होती. मी समन्वयक. काहीतरी म्हणायला हवं होतं. मी आगपेटी उघडली आणि ती कात सतरंजीवर ठेवली. म्हटलं, “मावशी, डासाच्या अळ्या खाणारं जनावर या तळ्यात वाढतंय, ही त्याची खूण आहे. पण एका कातीवर मी तुम्हाला गप्प बसवणार नाही. दिवाळीपर्यंत आपण मोजू. आठवड्यातून दोनदा तळं बघू आणि तळ्याबरोबर आपल्या घरचं पाणीही बघू. मग गट ठरवेल ते.”

मावशी नाराज होऊनच उठल्या. पण मोजणीला पहिलं नाव त्यांनीच दिलं. “मी सवता बघीन,” म्हणाल्या.

कात का मोजायची?

तुम्ही म्हणाल, उडणारे चतुर मोजा की. पण उडणारा चतुर पाहुणा असू शकतो. पावसाळ्याच्या शेवटी पिवळसर तांबूस चतुरांचे थवे दिसतात ना, ते तर फार लांबचे प्रवासी. मालदीव बेटांवर राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञांना प्रश्न पडला होता, की इथं गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत, मग दर ऑक्टोबरात एवढे चतुर येतात कुठून? वर्षानुवर्षं नोंदी ठेवून त्यांनी २००९ साली मांडलं, की हे चतुर भारताकडून समुद्रावरून वाऱ्याबरोबर येतात आणि पुढं आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडं जातात. पावसाच्या डबक्यात दीड-दोन महिन्यांत वाढणारा हा जीव समुद्र ओलांडतो. तेव्हा अंगणात चतुर दिसला म्हणून तो आपल्याच तळ्यातला, असं म्हणता येत नाही.

कात मात्र खोटं बोलत नाही. देठावर कात आहे म्हणजे ते पिल्लू याच पाण्यात वाढलं, इथंच जेवलं आणि इथूनच बाहेर पडलं. आपण हप्ता भरल्याची पावती जपून ठेवतो, तशी ही पाण्याची पावती. एक कात म्हणजे एक चतुर. हिशेबाला इतकं सोपं दुसरं काही नाही.

ओळखायची कशी तेही सांगते. चतुराची कात दणकट, पोट जाडसर आणि शेवटाला आखूड टोकं असतात. टाचणीची कात अगदी नाजूक, बारीक, आणि शेपटीला तीन पातळ पाकळ्यांसारखे कल्ले असतात, सुकून कधी ते चिकटून जातात. झाडाच्या खोडावर, पाण्यापासून लांब, पुढचे पाय जाड असलेली कात दिसली तर ती उन्हाळ्यात किर्र करणाऱ्या रातकिड्यासारख्या झाडावरच्या किड्याची असते, चतुराची नव्हे. चतुराच्या कातीच्या चिरेतून दोन-चार पांढरे धागे लोंबताना दिसतात. आम्हाला वाटलं कोळ्याचं जाळं असेल. पण ते श्वासाच्या नळ्यांचं आतलं अस्तर असतं. कातडं टाकताना तेही बाहेर ओढलं जातं. आणि कात कोमट पाण्यात थोडी भिजवून सुईनं हनुवटी ओढली, तर तो घडीचा ओठ उलगडतो. आमच्या पोरींनी हे बैठकीत करून दाखवलं तेव्हा मावशीसुद्धा वाकून बघायला लागल्या.

पहाटे पाहिलेलं

एकदा मी आणि मावशी पहाटे पाचला बॅटरी घेऊन तळ्यावर गेलो. लव्हाळ्याच्या काडीवर एक पिल्लू वर चढून बसलं होतं, ओलं, निश्चल. थोड्या वेळानं त्याच्या पाठीवर, डोक्यामागं, चीर पडली. आधी पाठ वर आली, मग डोकं, मग पाय. अर्धं अंग बाहेर आल्यावर ते उलटं मागं लोंबलं आणि तसंच राहिलं. मावशी म्हणाल्या, “मेलं का गं?” मेलं नव्हतं. नव्या पायांत बळ येईपर्यंत ते तसंच थांबतं. बराच वेळ गेला. मग एकदम उसळी मारून त्यानं आपल्याच जुन्या कातीचं डोकं पायांनी धरलं आणि उरलेली शेपटी ओढून काढली.

पंख सुरुवातीला पिळून ठेवलेल्या ओल्या फडक्यासारखे चुरगळलेले होते. अंगातलं पाणी त्यात भरत गेलं तसे ते हळूहळू उलगडले. रंग फिका, अंग मऊ. दिवस वर आला, पंख चकाकायला लागले, मग पसरले, आणि तो पहिल्यांदा उडाला. वेडावाकडाच उडाला, पण गेला. सगळ्याला दोन तास तरी लागले असतील. या वेळात त्याला पळता येत नाही. मुंग्या, पाखरं, वारा, कशानंही जीव जातो. आपण नुसतं बोट लावलं तरी पंख वाकडा वाळतो आणि जन्मभर उडता येत नाही. म्हणून कात उचलायची ती रिकामी आहे ना, हे बघूनच.

मावशी परत येताना काही बोलल्या नाहीत. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाल्या, “बाळंतपणासारखंच की.”

वहीत काय निघालं

आम्ही एक साधी वही केली. तारीख, तळ्यावर मिळालेल्या काती, आणि पांढऱ्या वाडग्यानं दहा ठिकाणचं पाणी काढून त्यात दिसलेल्या डासाच्या अळ्या. पांढऱ्या वाडग्यात वळवळणाऱ्या अळ्या लगेच दिसतात. त्याच दिवशी प्रत्येकीनं आपल्या घरचे ड्रम, रांजण, जनावरांचा हौद, कुंडीखालच्या ताटल्या आणि छपरावरचे टायर बघायचे. मोजलेली कात उचलून डब्यात ठेवायची, म्हणजे तीच दुसऱ्यांदा मोजली जात नाही.

पहिल्या तीन आठवड्यांत तळ्यावर प्रत्येक वेळी सात-आठ तरी काती मिळाल्या, आणि वाडग्यात अळी क्वचित एखादी. घरोघर मात्र उलटं. झाकण नसलेल्या ड्रममध्ये अळ्या, टायरमध्ये अळ्या, माझ्या स्वतःच्या घरी तुळशीमागच्या फुटक्या माठात तर बुजबुजाट. मावशींच्या न्हाणीघरातल्या ड्रममध्येही निघाल्या. त्यांना फार लागलं ते. मी मुद्दाम काही बोलले नाही. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, साठवल्याशिवाय भागत नाही. यात बाईचा दोष कसला?

आशाताईंनी तेव्हा समजावलं. डेंग्यूचा डास घराजवळच्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि भांडं कोरडं असलं तरी कित्येक महिने जगतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून घासावंच लागतं.

आमच्याच घरची चूक

आता जे सांगते ते सांगायला जड जातंय. नवरात्रात आमच्या मालकांनी डाळिंबावर कीटकनाशक मारलं आणि फवारणीचा पंप त्या तळ्याच्या कडेला धुतला. मला संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी चतुराची पिल्लं मरून पाण्यावर तरंगत होती. त्या आठवड्यात काती शून्य, पुढच्या आठवड्यात शून्य. आणि साधारण दहा दिवसांनी, ज्या तळ्यात एखादी अळी सापडायची, तिथं वाडग्यावाडग्यात डासाच्या अळ्या!

बैठकीत मी उभी राहून सांगितलं, की हे आमच्या घरातून झालंय. शरम वाटली. पण वही पुढं होती, लपवणार काय? आणि त्या वहीनंच आम्हाला सगळ्यात मोठी गोष्ट शिकवली. विष पडलं की डासाच्या अळ्याही मरतात आणि त्यांना खाणारेही मरतात. पण विषाचा जोर कमी झाला की डास आठ-दहा दिवसांत पुन्हा तयार होतो. चतुराला त्याच पाण्यात पुन्हा वाढायला महिने लागतात. मधल्या काळात डासाला मोकळं रान. जळकं ऑइल ओतलं असतं तरी तेच झालं असतं, वर रोपंही गेली असती.

ते पाणी आम्ही भाजीच्या रोपांना घातलं नाही. विहिरीपासून, ओढ्यापासून लांब, पडीक कोपऱ्यात सोडलं. ताडपत्री धुतली, तळं नव्यानं भरलं. उपकेंद्रातून गप्पी मासे आणून सोडले. गप्पी मासे चतुराची अगदी लहान पिल्लंही खातात, म्हणून लपायला कडेचा लव्हाळा तसाच ठेवला. ताडपत्री गुळगुळीत असते, पिल्लाला तिच्यावरून चढता येत नाही, म्हणून चार ठिकाणी तुरीच्या काट्या पाण्यातून बाहेर तिरक्या रोवल्या. लहान पोर पडू नये म्हणून भोवती तारेचं कुंपणही तेव्हाच केलं. ते आधीच करायला हवं होतं. पंप धुवायची जागा वेगळी ठरवली, आणि तो ठराव मालकांच्या सहीनं वहीत लिहिला.

पहिली कात पुन्हा दिसली ती होळीच्या आसपास. एकच, तुरीच्या काटीवर. ती मावशींनीच आणून दिली.

चतुरावर सगळा भार नको

माझं बोलणं ऐकून कुणी म्हणेल, चतुर आहेत म्हणजे डेंग्यू नाही. तसं मुळीच नाही. म्यानमारच्या यांगून शहरात पावसाळ्यात लोकांच्या मदतीनं घरोघरच्या पाण्याच्या भांड्यांत चतुराची पिल्लं सोडून पाहिली होती, आणि डेंग्यूचे डास खूप कमी झाले, असा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. तो चतुर आपल्याकडचाच, लाल मिरचीसारखा दिसणारा. पण ते काम शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली, पिल्लं पुन्हा पुन्हा सोडून केलेलं होतं. आपला ड्रम आपल्याला दर आठवड्याला रिकामा करायचाच आहे, तिथं चतुराचं काम नाही. ड्रम, टायर, माठ हे आपलं काम. तळं, ओढ्याचा डोह, शेततळं हे त्याचं. आपण त्याच्या कामात विष घालायचं नाही, एवढंच.

मृग तोंडावर आहे. आमच्या गटानं बुधवार हा कोरडा दिवस ठरवलाय. त्या दिवशी सगळी भांडी रिकामी करायची, आतून काथ्यानं घासायची, वाळवायची आणि भरली की कापड बांधून ठेवायची. पाणी ओतून द्यायचं नाही, ते झाडांना घालायचं. आणि पाऊस सुरू झाला की सकाळी पाण्याच्या कडेच्या काड्या, पानांच्या खालच्या बाजू, हौदाच्या भिंती बघायच्या. तुमच्याकडं शेततळं असेल, देवळाची बारव असेल, तिथंही बघा. पण शेततळ्याच्या ताडपत्रीवर पाय घसरतो, तेव्हा एकटीनं उतरू नका आणि पोरांना एकटं पाठवू नका. काती दिसल्या तर मोजा, वहीत लिहा, एखादी आगपेटीत घालून बैठकीला आणा. बरेच दिवस दिसल्या नाहीत, तर पाण्यात काय पडलं याची चौकशी करा.

परवा मावशींच्या कर्जाचा शेवटचा हप्ता आला. मुलगा आता बरा आहे, कॉलेजला जातोय. हप्ता भरून झाल्यावर त्यांनी विचारलं, “ताई, यंदा वही कुणाकडं?” मी म्हटलं, “तुमच्याकडंच ठेवा.” त्यांनी ती पिशवीत घातली आणि म्हणाल्या, “पण पंप कुठं धुत्यात ते मी रोज बघणार. तुमच्या घरचा असला तरी.”

बघा म्हटलं, मावशी. जरूर बघा.